आमची पहिली मोटारबोट

मोटारबोट ही काही आपल्याकडे घरोघरी होणारी खरेदी नव्हे. भांडीकुंडी, फ्रीज, स्कूटर, फार तर चारचाकी, इथवर सल्ला द्यायला दहा माणसं मिळतात. न विचारताही मिळतात! पण बोट घ्यायची तर विचारायचं कुणाला? माझ्या माहेरी कुणी घेतली नाही, सासरी तर नाहीच. तरी गेल्या सप्टेंबरात आम्ही ती घेतली आणि ठरवलेल्या पैशांत बसवली. त्याचीच ही हकीकत.

आम्ही राहतो अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहराच्या जवळ. या राज्याला 'दहा हजार तळ्यांचा मुलूख' म्हणतात. मोजदाद केली तर दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ भरतात. हिवाळ्यात ही सगळी तळी गोठतात. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं, की आपल्याकडे लग्नसराईत वाजंत्री निघावी तशा घराघरांतून बोटी निघतात. अठरा वर्षं आम्ही ही मिरवणूक काठावरून पाहिली. मुलांचे मित्र बोटीवरून हात हलवायचे आणि आमची मुलं काठावर भेळ खात उलटा हात हलवायची. मग एके दिवशी आमचे हे म्हणाले, "अगं, एक जुनी बोट पाहू या का?"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. त्याला कारण होतं. माझं माहेर चिपळूणचं. आईचा पाठचा भाऊ अकराव्या वर्षी वाशिष्ठीत गेला. मित्रांबरोबर पोहायला म्हणून गेला तो परत आला नाही. त्यानंतर आमच्या घरात नदी हा शब्दच कुणी काढत नसे. नदी घरापासून पाच मिनिटांवर, पण आम्हां तिघी बहिणींपैकी एकीच्याही पावलाला तिचं पाणी लागलं नाही. आईला बोल लावत नाही मी. पण तिची भीती माझ्या ओटीत आली होती, आणि माझ्याकडून ती माझ्या धाकट्याकडे निघाली होती. शाळेच्या सहलीत तळं आहे म्हटल्यावर तो आदल्या रात्री "माझं पोट दुखतंय" म्हणू लागला, तेव्हा मला ते दिसलं.

म्हणून मी 'नको' म्हटलं नाही, अटी घातल्या. पहिली अट, बोटीत बसणाऱ्या प्रत्येकाला पोहता आलं पाहिजे, आणि त्यात मीही आले. दुसरी, कर्ज काढायचं नाही. इथे बोटीसाठी दहा-पंधरा वर्षांच्या हप्त्यांवर कर्ज मिळतं; बोट भंगारात जाते तरी हप्ता जिवंत! थोरलीचं कॉलेज चार वर्षांवर आलंय. त्या पैशाला हात न लावता बाजूला टाकलेले बारा हजार डॉलर्स होते, तेवढ्यातच सगळं बसवायचं. सगळं म्हणजे नुसती बोट नव्हे. वहीत मी दोन रकाने आखले, बोट आणि ट्रेलर मिळून नऊ हजार, आणि 'बाकीचं' तीन हजार. ह्यांना तो दुसरा रकाना जरा मोठाच वाटला.

जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, मी त्रेचाळिसाव्या वर्षी पोहण्याच्या वर्गाला नाव घातलं. वर्गात मी आणि सहा-सहा वर्षांची आठ मुलं. पहिले तीन आठवडे कठडा सोडला नाही. मे महिन्यात तलावाची एक लांबी पार केली, तेव्हा शेजारच्या रांगेत माझा धाकटा होता. आम्ही दोघं एकदमच शिकलो म्हणा ना. थोरली शाळेत शिकली होती, हे कृष्णेत. राहिल्या सासूबाई. दर उन्हाळ्यात त्या आमच्याकडे येतात. वय शहात्तर. त्यांना कसं विचारावं या विवंचनेत मी असताना त्याच म्हणाल्या, "अगं, मी सांगलीची! घाटावर पाठीला वाळका भोपळा बांधून आम्ही पोरी पोहायला शिकलो. तू आपलं बघ." घ्या!

आता बोट कुठली? बाजारात गेलं की डोळे दिपतात. साडीच्या दुकानात होतं तसंच. पण साडी नेसणारी आपण एकटी असतो, बोटीत सगळं घर बसायचं असतं. मी वहीत लिहून काढलं, कोण बसणार आणि बसून काय करणार. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मुलांना पाण्यात उड्या मारायच्या. ह्यांना जमलं तर मासे. मला डबा उघडून सगळ्यांना वाढता येईल अशी जागा. आणि महिन्यातून दोन-तीनदा, जवळच्याच तळ्यावर, तीन-चार तास. एवढंच. समुद्र ओलांडायचा नव्हता.

इथे घरगुती वापराच्या जुन्या बोटी मुख्यतः तीन तऱ्हांच्या मिळतात. एक, अॅल्युमिनियमची साधी मासेमारीची. स्वस्त आणि टिकाऊ, पण चौघांनी अंग चोरून बसायचं. दुसरी 'बो-रायडर', फायबरग्लासची, टोकदार, पुढच्या नाळेतही बसायला जागा असलेली, वेगवान. जाहिरातीत दिसते ती हीच. तिसरी पाँटून. लांबट अॅल्युमिनियमच्या दोन नळ्या, त्यावर सपाट तक्तपोशी, भोवती कठडा, कडेने बाकं आणि वर छत. म्हणजे आपली ओसरीच पाण्यावर सोडलेली! ही या राज्यातलीच कल्पना. रिचमंड गावच्या अँब्रोज वीरेस नावाच्या शेतकऱ्याने १९५२च्या सुमारास लोखंडी पिंपांवर लाकडी फळ्या ठोकून ती केली, तिचा पुढे मोठा धंदा झाला.

ह्यांचं आणि थोरलीचं मन बो-रायडरवर. थोरलीने तर पुरावाच आणला. पाण्यावर स्की करायचा खेळही मिनेसोटातलाच, १९२२ साली लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने सुरू केलेला, तेव्हा "आई, आपल्या राज्याचा मान ठेव!" मान ठेवायला आम्ही एक पाहून आलो. अठरा फुटी, निळी-पांढरी, १९० अश्वशक्तीची, साडेसात हजार डॉलर्स. दिसायला फार देखणी, खोटं कशाला बोलू.

पण माठ घेताना आपण तो वाजवून घेतोच ना? मी पायातले बूट काढून तिच्या तळावर सगळीकडे चालले. मागच्या बाजूला, इंजिनाच्या कव्हरापाशी, पाय किंचित खाली गेला, सायीवर बोट ठेवल्यासारखा. जुन्या फायबरग्लासच्या बोटींत आत लाकूड असतं. तळाखाली असतं आणि जिच्यावर इंजिनाचा भार येतो त्या मागच्या फळीतही असतं. पाणी मुरलं की ते आतल्या आत कुजतं आणि वरून गालिचा तसाच हसत राहतो. ह्यांनी लाकडी हातोडीने मागची फळी ठोकून पाहिली. वरच्या बाजूला खणखणीत, खाली भद्द. विकणारा म्हणाला, "सगळ्या जुन्या बोटी अशाच वाजतात." वाजत असतील. ते दुरुस्त करायचं तर बोटीच्या किमतीएवढा खर्च येऊ शकतो. आम्ही 'विचार करून सांगतो' म्हणून निघालो. हे वाटेत गप्प होते. मग म्हणाले, "बरं झालं तू बूट काढलेस."

फळी भक्कम असती तरी दुसरी अडचण होतीच. आमच्या गाडीची ओढायची मर्यादा साडेतीन हजार पौंड. जाहिरातीत बोटीचं वजन अडीच हजार पौंड, तेव्हा ह्यांना वाटलं, झालं काम. पण ते कोरडं वजन. अठ्ठावीस गॅलन पेट्रोल, गॅलनला सहा पौंड या हिशेबाने, एकशे सत्तर. ट्रेलर आठशे. नांगर, बॅटरी, बर्फाची पेटी, डबे, सतरंज्या मिळून दीडशे. बेरीज तीन हजार सहाशे वीस! म्हणजे बोटीपायी गाडीही नवी घ्यायची. ट्रंकेच्या मापाने घर बांधण्यातला प्रकार. पेट्रोलचंही तसंच. पुऱ्या वेगात इंजिन ताशी साधारण आपल्या अश्वशक्तीच्या एक दशांश गॅलन पितं, असा इथला ढोबळ हिशेब आहे. एकशे नव्वदला एकोणीस गॅलन, म्हणजे सत्तर लिटरच्या वर, एका तासाला. पन्नास अश्वशक्तीला पाच गॅलन. एवढं मी वहीत मांडून दाखवलं आणि वही ह्यांच्यासमोर उघडी ठेवून भाजी फोडणीला टाकायला गेले.

इंजिनाचा एक मुद्दा मात्र मला फार महत्त्वाचा वाटला, कारण तो आमच्या हवेशी बांधलेला आहे. बो-रायडरचं इंजिन बहुधा बोटीच्या आत असतं, आणि त्याला थंड ठेवायला तळ्याचं पाणी आत फिरतं. हिवाळ्यापूर्वी ते पाणी नीट काढलं नाही, तर ते गोठून फुगतं आणि इंजिनाचा ओतीव ठोकळा तडकतो. एका रात्रीच्या थंडीत हजारो डॉलर्स गेले. उलट 'आउटबोर्ड', म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन, उभं ठेवलं की त्यातलं पाणी आपोआप निथळून जातं. उणे तीस अंशांत राहणाऱ्या माणसाने दुसरं काही का घ्यावं?

या आउटबोर्डची एक गोष्ट सांगायलाच हवी. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात ओले एविन्रूड नावाचा नॉर्वेहून आलेला कारागीर होता. उन्हाळ्यात तळ्याकाठी सहलीला गेले असताना त्याच्या बेसला आइसक्रीम खावंसं वाटलं. हा होडी वल्हवत पलीकडे गेला आणि येईपर्यंत आइसक्रीमचं पाणी झालं. त्यातून म्हणे त्याला होडीला यंत्र लावायचं सुचलं! आइसक्रीमचं खरंखोटं ते जाणोत. पण १९०९ साली त्याची यंत्रं विक्रीला आली, तेव्हा पत्रव्यवहार, हिशेब आणि जाहिरात बघणारी बेसच होती, हे खरं. वल्ही फेकून द्या, अशा अर्थाची ती गाजलेली जाहिरात तिचीच. त्या नावाची आउटबोर्ड इंजिनं बनवणं २०२० साली बंद झालं. आज जुनं घेताना सुटे भाग मिळतील का, हे त्यामुळे आधी विचारावं लागतं. बेसबाईंच्या हिशेबी डोक्याला ते पटलं असतं.

तर पाँटून ठरली. खरेदी आम्ही मुद्दाम सप्टेंबरपर्यंत थांबवली. मे-जूनमध्ये जो तो घ्यायला धावतो. सप्टेंबरात विकणाऱ्याला हिवाळ्याचं झाकण आणि जागाभाडं वाचवायचं असतं, तेव्हा तो चार शब्द ऐकतो. पण त्याहून उशीर करू नये. पाण्यात चालवून न पाहता बोट घेणं म्हणजे मुलीला न पाहता फोटोवर लग्न ठरवणं. ऑक्टोबरात निम्म्या बोटी काठावर गुंडाळलेल्या असतात.

आम्हांला मिळाली ती एका वयस्क जोडप्याची, २००६ची, वीस फुटी, पन्नास अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, ट्रेलरसह. मागितले साडेनऊ हजार. जाण्याआधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, आम्ही येण्यापूर्वी इंजिन सुरू करू नका. गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं. थंड असताना कसं खोकतं ते बघायचं असतं. हात लावून पाहिला, गार होतं. दुसऱ्या फेरीत सुरू झालं आणि मागून पाण्याची बारीक धार जोरात पडू लागली. ती धार म्हणजे थंडाव्याचं पाणी नीट फिरत असल्याची खूण. खालच्या दंतचक्रांच्या पेटीतलं तेल थोडं काढून पाहिलं. ते ताकासारखं पांढुरकं दिसलं, तर आत पाणी शिरलंय समजावं. आमचं काळंभोर होतं, शिळ्या करडीच्या तेलासारखं. पैसे देऊन एक मेकॅनिक नेला होता. त्याने तिन्ही सिलिंडरांचा दाब मोजला. आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत, तसे होते. या मेकॅनिकच्या पैशांवरून ह्यांनी कुरकुर केली होती. पण सोनं घेताना सोनाराकडे कस लावतोच की!

मी मात्र गप्पा मारत बसले, आणि त्याने मला अधिक कळलं. त्या बाईंनी प्रत्येक वर्षाची तेल बदलल्याची पावती खाऊच्या डब्यात जपून ठेवली होती. पाणी खेचणारी रबरी चकती शेवटची कधी बदलली तेही डब्याच्या झाकणावर लिहिलेलं. मला तर तो डबाच विकत घ्यावासा वाटला. दोन नळ्यांपैकी एकीत पाणी शिरलंय का ते पाहायला बोट पाण्यात सरळ तरंगते की कलते ते निरखलं. मग सासूबाईंना हाक मारली. त्यांनी काठी दाराच्या कडेला टेकवली, धक्क्यावरून थेट बोटीच्या सपाट फरशीवर पाऊल टाकलं, आणि बाकावर जाऊन बसल्या. ना उडी, ना चढण, ना कुणाचा हात. बो-रायडरच्या काठावरून त्यांना उचलूनच घ्यावं लागलं असतं. माझ्या दृष्टीने त्याच क्षणी सौदा झाला, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. आठ हजार सातशेला तुटलं. बोटीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. ट्रेलरचे कागद वेगळे असतात, तेही घेतले.

आता तो दुसरा रकाना. ट्रेलरची चाकं दिसायला नवी, पण टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमची तेरा वर्षांची निघाली. रबर न झिजताही म्हातारं होतं. चारही टायर बदलले. नवी बॅटरी, दोर, धक्क्याला घासू नये म्हणून लावायच्या रबरी उशा, नांगर, भोंगा, विमा, नोंदणी. आग विझवायचं नळकांडं होतं, पण एकदाच वापरायची नळकांडी निर्मितीपासून बारा वर्षांनी बाद धरतात. ते टाकून नवं घेतलं. एवढं होऊन वहीत सातशे चाळीस डॉलर्स उरले होते. ते हिवाळ्याच्या बांधाबांधीला गेले, आणि मेमध्ये पहिल्या पेट्रोलला.

लाईफ जॅकेटांवर मात्र काटकसर करू दिली नाही. मिनेसोटात चालत्या बोटीवर दहा वर्षांखालच्या मुलाला ते अंगात घालावंच लागतं. मोठ्यांनी नुसतं हाताशी ठेवलं तरी कायद्याला चालतं. मला चालत नाही. बोटींच्या अपघातांत बुडून मेलेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नसतं, असं इथल्या तटरक्षक दलाचे अहवाल दरवर्षी सांगतात. आणि पोहणाऱ्यालाही मे महिन्यातलं पाणी दगा देतं. बर्फ नुकतंच गेलेलं असतं, पडताक्षणी धाप लागते आणि पहिल्याच श्वासाला पाणी छातीत जातं. आमच्या बोटीवर सगळे घालतात. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "यापेक्षा भोपळा बरा." पण घातलं.

चालवताना इंजिनाला जोडलेली एक लाल दोरी असते. तिचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवायचं. तो पाण्यात पडला तर दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं, नाहीतर रिकामी बोट गोल फिरून त्याच्यावरच येते. केंद्राच्या अखत्यारीतल्या पाण्यावर सव्वीस फुटांखालच्या बोटींना ती १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली. हे सुरुवातीला विसरायचे. आता धाकटा "बाबा, दोरी!" म्हणून ओरडतो. आणि इंजिन चालू असताना मागच्या शिडीपाशी कुणी लोंबकळायचं नाही. तिथे पात्याची भीती आहेच, शिवाय धुरातला विषारी वायू साचतो, त्याला वासही नसतो.

थोरलीची स्की राहिलीच, नाही असं नाही. पन्नास अश्वशक्तीत ती पाण्यावर उभी राहण्याइतका वेग मिळत नाही. फुगवलेल्या रबरी चाकावर बसून भावंडं मागून ओढली जातात, त्यावर तिने तूर्त समाधान मानलंय. मैत्रिणीच्या बोटीवर जाऊन स्की करते. कॉलेजचे पैसे शाबूत आहेत, हे तिला अजून दिसत नाही.

जूनमधल्या एका संध्याकाळी आईला व्हिडिओवर फोन लावला. तिला सांगितलं नव्हतं आम्ही कुठे आहोत. मागे पाणी दिसलं आणि ती एकदम गप्प झाली. मी कॅमेरा धाकट्याकडे वळवला. तो शिडी उतरून पाण्यात होता, नारिंगी जॅकेट घालून, हात मारत होता. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाय नीट मारतोय की गं." तिचे डोळे पाहायचा मला धीर झाला नाही. "जेवणाचं काय केलंयस?" असं तिने विचारलं तेव्हा मी दही-भाताचा डबा उघडून दाखवला.

परवा बोट तळ्यातून काढली. निघण्याआधी तळाचं बूच काढून सगळं पाणी तिथेच सोडायचं, शेवाळ वेचून टाकायचं, नाहीतर झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जातात आणि दंड बसतो. पेट्रोलमध्ये ते खराब न होण्याचं औषध घातलं, बॅटरी घरात आणली. धाकट्याचं जॅकेट पन्नास पौंडांपर्यंतचं होतं. काल वजन केलं तर तो बावन्न भरला. पुढच्या वर्षी त्याला पन्नास ते नव्वदचं घ्यायचं. जुनं धुऊन, सावलीत वाळवून ठेवलंय. नणंदेची लेक येणार आहे जुलैमध्ये, ती आत्ता बेचाळीस पौंडांची आहे.